सातासमुद्रापलीकडचे गिऱ्हाईक

गोवरी ही विकाऊ वस्तू आहे, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. आठवडी बाजाराच्या कडेला गोवऱ्यांची रास लावून बसलेली बाई आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. पण हीच गोवरी पुठ्ठ्याच्या खोक्यात, चकचकीत वेष्टनात घरपोच येते आणि ती मागवणाऱ्यांपैकी काहीजण वर 'भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून द्याल का?' असेही विचारतात, ही बातमी डिसेंबर २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जगभर धाडली, तेव्हा पुष्कळांची करमणूक झाली. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे दिसले नाही. शहरात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला वास्तुशांतीचा होम करायचा असेल तर त्याने गोवरी आणायची कुठून? ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याला हे गिऱ्हाईक ठाऊक नव्हते आणि गिऱ्हाइकाला गोठा ठाऊक नव्हता. मधल्या कुणीतरी दोघांची गाठ घालून दिली, एवढेच.

पुढे २०१९ मध्ये हीच गोवरी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका किराणा दुकानाच्या फळीवर दिसली. किंमत दोन डॉलर नव्व्याण्णव सेंट. पाकिटावर 'केवळ धार्मिक कार्यासाठी, खाण्यासाठी नाही' अशा अर्थाची सूचना होती. ती सूचना छापणाऱ्याला आपले गिऱ्हाईक नेमके कोण असेल याची खात्री नव्हती, हे उघड आहे! आणि एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर, भारतातून आलेल्या एका प्रवाशाच्या मागे राहिलेल्या बॅगेत सीमाशुल्क खात्याला दोन गोवऱ्या सापडल्या. जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाचा धोका म्हणून त्या तिथल्या तिथे नष्ट करण्यात आल्या.

घरबसल्या केलेल्या या दूरदेशीच्या विक्रीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक पहिल्या प्रकारचे असते, म्हणजे कुणी काय मागवले, कुठे मागवले आणि किती नवल वाटले. डलेसच्या विमानतळावर जे झाले त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. गेल्या काही वर्षांतल्या, विशेषतः २०२५ च्या घडामोडी पाहता आता त्याविषयीच बोलायला हवे, असे मला वाटते.

आधी गिऱ्हाइकाची गंमत पाहू. सप्टेंबर १९९५ मध्ये पियरे ओमिड्यार या तरुणाने कॅलिफोर्नियात लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. पुढे त्याचेच नाव 'ईबे' झाले. तिथे अगदी सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेसर पॉइंटर. भाषण करताना पडद्यावर लाल ठिपका पाडतात ते यंत्र. त्याला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले. यंत्र मोडके आहे हे कळले आहे ना, असे ओमिड्यारने घेणाऱ्याला विचारले, तेव्हा 'मी मोडके लेसर पॉइंटरच जमवतो' असे उत्तर आले, अशी कथा कंपनी पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिली. वीस वर्षांनी कंपनीनेच त्या गिऱ्हाइकाला पुन्हा गाठले. ते कॅनडातले एक गृहस्थ निघाले. नवे यंत्र परवडत नव्हते, हाताला दुरुस्तीची सवय होती, म्हणून त्यांनी ते घेतले होते. दंतकथेपेक्षा हे कारण मला अधिक आवडते. मोडकी वस्तू जमवणारा विक्षिप्त माणूस विरळा. पण मोडकी वस्तू दुरुस्त करून वापरणारा गरजू माणूस जगात सगळीकडे आहे. तो फक्त विकणाऱ्याच्या गल्लीत राहत नाही. आणखी एक लक्षात घ्यावे. या धंद्याच्या बोहनीलाच वस्तूने देशाची सीमा ओलांडली होती.

आपल्याकडची बोहनीही अशीच अनपेक्षित ठिकाणची. सचिन बन्सल आणि बिनी बन्सल या दोघांनी २००७ मध्ये बंगळूरमध्ये फ्लिपकार्ट सुरू केले ते पुस्तकविक्रीने. पहिली मागणी बंगळूरच्या संगणक कंपन्यांतून येईल असे कुणालाही वाटले असते. ती आली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरहून. आज तो जिल्हा तेलंगणात आहे. दुष्काळी आणि मजुरीसाठी परमुलखात जाणाऱ्यांचा जिल्हा म्हणूनच त्याची ओळख होती. मागणी होती जॉन वूड यांच्या एका इंग्रजी पुस्तकाची. मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून गरीब मुलांसाठी ग्रंथालये काढणाऱ्या माणसाचे ते आत्मकथन. ते पुस्तक या दोघांकडे नव्हतेच. बंगळूरची दुकाने पालथी घालून त्यांनी एक प्रत मिळवली आणि पाठवली. महबूबनगरच्या बाजारपेठेत असे गिऱ्हाईक आहे, हे कोणत्याही पुस्तक विक्रेत्याच्या खतावणीत नोंदलेले नव्हते.

पण हे सारे इंटरनेटने घडवले असे मानायचे कारण नाही. आपल्या देशात व्ही. पी. पी. सुरू झाली ती १८७७ मध्ये. पोस्टमनने पुडके द्यायचे, पैसे घ्यायचे आणि ते पाठवणाऱ्याकडे पोचते करायचे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल हाती पडल्यावर पैसे' ही सोय दिली तेव्हा केवढे कौतुक झाले. आमच्या आजोबांना त्यात नवल वाटले नसते. दिवाळी अंकांतल्या केशवर्धक तेलांच्या आणि 'घरबसल्या शिका'च्या जाहिराती वाचून कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून मागण्या जात आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके तालुक्याच्या वाचनालयात याच वाटेने पोचत. फरक एवढाच की तेव्हा विकणारा शहरात असे आणि घेणारा खेड्यात. आता विकणारा कुठेही असतो.

माझ्या परिचयाच्या एक बाई आहेत. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून तांब्या-पितळेची जुनी भांडी घ्यायची, घासूनपुसून त्यांची छायाचित्रे काढायची आणि परदेशी संकेतस्थळांवर विकायला ठेवायची, असा उद्योग आरंभला. सुरुवातीला त्यांची कल्पना अशी की परदेशात स्थायिक झालेली मराठी मंडळी आठवणीखातर या वस्तू घेतील. तशी काहींनी घेतलीही. पण खरे गिऱ्हाईक वेगळेच निघाले. चकलीचा पितळी सोऱ्या वेल्समधल्या एका बाईंनी घेतला. त्या कुंभारकाम करतात. मातीच्या सारख्या जाडीच्या वळ्या पाडायला त्यांना तो हवा होता, आणि ताटलीतल्या चांदणीच्या भोकातून पडलेली वळी कपाच्या कानाला शोभून दिसते म्हणे! हे कळल्यावर आमच्या बाईंनी वर्णनात 'मातीकामासाठीही उपयुक्त' एवढे दोन शब्द घातले. त्यानंतरचे बरेचसे सोऱ्ये अमेरिकेत गेले, आणि ते घेणाऱ्यांपैकी एकीलाही चकली माहीत नव्हती. टास्मानियातल्या एका सुताराने त्यांच्याकडून अडकित्ता घेतला तो त्याची खीळ कशी बसवली आहे ते पाहायला. ताम्हणे तर किल्ल्या आणि सुटे पैसे टाकून ठेवायला जातात. एकदा त्यांना कुणीतरी विचारले, 'पूजेची वस्तू अशी वापरलेली तुम्हाला चालते?' त्या म्हणाल्या, 'जुन्या बाजारात ती किलोवर विकायला आली होती, वितळवायला. त्यापेक्षा किल्ल्या बऱ्या.'

अडकित्त्याचे परदेशी चाहते ही काही आजची गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले सॅम्युएल आयलेनबर्ग हे विसाव्या शतकातले मोठे गणिती. मूळचे पोलंडचे. आशियातली धातूशिल्पे जमवण्याचा त्यांना नाद होता आणि त्याच नादात त्यांनी अडकित्त्यांचाही एवढा संग्रह केला की त्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा नाद चटकन समजेल. मोर, घोडे आणि मिथुने अशा रूपांत घडवलेली ती सुपारी फोडायची साधी हत्यारे पाहताना पाय निघत नाही. मात्र अशा वस्तू विकणाऱ्यांनी एक कायदा ध्यानात ठेवलेला बरा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आमच्या बाई म्हणूनच पणजोबांच्या काळातले म्हणून कुणी काही आणून दिले की हात जोडतात. पण संकेतस्थळांवर 'दोनशे वर्षे जुना' असे अभिमानाने लिहिणारे विक्रेते आहेतच. ते खरे बोलत असतील तर कायदा मोडतात आणि खोटे बोलत असतील तर गिऱ्हाइकाला फसवतात.

गिऱ्हाईक असे कुठेही उगवते. त्याच्यापर्यंत वस्तू पोचते कशी, हा यातला खरा विलक्षण भाग. आणि त्याची एक कळ कोकणी माणसाच्या डोक्यातून निघालेली आहे. गुहागरजवळच्या वेळणेश्वरचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते नाना भाषांत आणि नाना लिप्यांत, त्यात अक्षर गचाळ. पत्रे भलतीकडे जायची. वेलणकरांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा. आपला चार. गोव्याचा पत्ता ४०३ ने सुरू होतो. नववा विभाग मात्र जमिनीवर कुठेच नाही. तो सैन्याच्या टपालाचा. सैनिकाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. पलटण हलली तरी पत्ता तोच, आणि टपाल शोधत शोधत तिच्यापर्यंत जाते. पन्नास वर्षांनंतर कोट्यवधी रुपयांच्या ऑनलाइन धंद्याची सारी मांडणी या सहा आकड्यांवर उभी राहील, असे वेलणकरांना तेव्हा वाटले नसेल.

पत्त्यांच्या या जाळ्याची टोके कुठवर गेली आहेत ते पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. अंटार्क्टिकावर दक्षिण गंगोत्री या भारतीय तळावर १९८४ मध्ये टपाल कार्यालय निघाले आणि पहिल्या वर्षात सुमारे दहा हजार पत्रांवर तिथला शिक्का पडला. तो तळ बर्फात गाडला गेल्यावर २६ जानेवारी १९९० ला मैत्री तळावर ते पुन्हा सुरू झाले, आणि ५ एप्रिल २०२४ रोजी तिथून तीन हजार किलोमीटरवरच्या भारती तळावर दुसरे निघाले. ही दोन्ही कार्यालये येतात गोवा टपाल विभागात! पत्रे गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत मोहिमेच्या बोटीतून आणि विमानातून ये-जा करतात. तिथे कुणी चपला मागवत नाही हे खरे, पण त्या शिक्क्याची पाकिटे हीच जगभरच्या हौशी संग्राहकांसाठी विकायची वस्तू झाली आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचे हवासुपाई लोकांचे गाव आहे. मोटारीचा रस्ता नाही. आठ मैलांची वाट उतरून टपाल जाते ते खेचरांच्या पाठीवरून, आणि त्यात पत्रांपेक्षा वाणसामानाचा भरणा अधिक असतो. पॅसिफिक महासागरातल्या पिटकेर्न बेटाचा प्रकार तर उलटा आहे. १७९० मध्ये 'बाउंटी' जहाजावरच्या बंडखोर खलाशांनी वसवलेले हे बेट. वस्ती पन्नासच्या आसपास, विमानतळ नाही, जहाज येईल तेव्हा टपाल. ब्रिटनने या एवढ्याशा वस्तीलाही स्वतंत्र टपाल संकेतांक दिलेला आहे. तिथले लोक मध, कोरीव लाकडी वस्तू आणि तिकिटे जगभर विकतात. तिथला मध घेणारा माणूस मधासाठी पैसे देतो की पत्त्यासाठी, हे सांगणे कठीण आहे.

सुपाईचा खेचरवाला, मोहिमेच्या बोटीत जाणारी अंटार्क्टिकाची थैली आणि पलटणीचा शोध घेत जाणारे पुडके या तिन्ही ठिकाणी सरकारी टपालखाते आहे. खासगी कंपन्यांच्या संकेतस्थळावर आपल्या आजोळचा पिनकोड टाकून पाहावा. 'या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही' हे उत्तर अजूनही पुष्कळांना मिळते. खासगी कंपनीला पत्ता परवडावा लागतो. टपालखात्याला तो असला की पुरतो.

आता देशाबाहेरच्या वाटेचे पाहू. ही वाट घालून दिली ती ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झालेल्या कराराने. भारत त्यात १८७६ मध्ये सामील झाला. टपालापुरते सारे जग हा एकच प्रदेश समजावा, पैसे पाठवणाऱ्या देशाने घ्यावेत आणि पोचवणाऱ्या देशाने पोचवावे, असे त्याचे सूत्र. पुढे पोचवणाऱ्याचा खर्च भागवायला देशादेशांत दर ठरले आणि गरीब देशांसाठी ते कमी ठेवले गेले. या सवलतीचा सगळ्यात मोठा लाभ चीनने उठवला. चीनमधून अमेरिकेत लहान पुडके पाठवणे हे अमेरिकेतल्या अमेरिकेत ते पाठवण्यापेक्षा स्वस्त पडू लागले. एका डॉलरची वस्तू टपालखर्चासह घरपोच कशी येते, या कोड्याचे उत्तर चिनी कारखान्याइतकेच या दरपत्रकात होते. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये करारातून बाहेर पडण्याची नोटीसच दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास परिषद भरली, आणि आपला दर आपण ठरवण्याची मुभा मिळाल्यावर प्रकरण मिटले.

दरपत्रकाचा वाद मिटला, तरी त्याहून मोठी सवलत जकातीत होती. किरकोळ किमतीच्या पार्सलावर जकात वसूल करण्याचा खर्च जकातीपेक्षा जास्त, म्हणून अमेरिका १९३८ पासून अशी पार्सले सोडून देत असे. ही मर्यादा आधी एक डॉलर होती. वाढत वाढत २०१६ मध्ये ती ८०० डॉलर झाली. सोऱ्या, ताम्हण, गोधडी, दिवाळीचा आकाशकंदील यांतले काहीही त्या मर्यादेत सहज बसे. पण शीइन आणि टेमू या चिनी मालाच्या कंपन्यांचे कपडेही त्याच दारातून आत जात. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी सुमारे १३६ कोटी पार्सले अमेरिकेत आली. एवढा लोंढा आल्यावर दार लागणार हे दिसत होते. स्वस्त मालाबरोबर अमली पदार्थही येतात, हे कारण देण्यात आले, आणि ते सगळेच खोटे होते असे नाही.

चीनसाठी ही सवलत २ मे २०२५ ला बंद झाली. ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सर्वच देशांसाठी ती बंद करण्याचा आदेश काढला, आणि तो २९ ऑगस्टपासून लागू झाला. मध्ये महिनासुद्धा पुरता गेला नाही. जकात कोण वसूल करणार आणि कुणाकडे भरणार, याची व्यवस्थाच तयार नव्हती. विमान कंपन्या पार्सले घ्यायला तयार होईनात. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले आणि महिना संपता संपता कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंसह सगळेच थांबवले. आपण एकटे नव्हतो. ८८ टपालखात्यांनी आपली अमेरिकेची सेवा पूर्णतः किंवा अंशतः बंद केल्याचे जागतिक टपाल संघटनेला कळवले, आणि अमेरिकेकडे जाणारे टपाल आठवड्याभरात ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. दोन महायुद्धे आणि एक महासाथ पाहिलेल्या करारावर ही पाळी एका जकातीच्या आदेशाने आली.

त्या वर्षी गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच दिवशी भारतीय मालावरची अमेरिकी जकात पन्नास टक्क्यांवर गेली. पेणच्या गणेशमूर्ती उन्हाळ्यातच बोटीने रवाना झालेल्या असतात, त्यामुळे त्या सुटल्या. फराळाचे तसे नव्हते. चिवडा आणि चकल्या चार महिने आधी पाठवून चालत नाही! अमेरिकेचे टपाल पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन आले २१ तारखेला. ज्यांना परवडले त्यांनी खासगी कुरियरने डबे पाठवले. ज्यांना परवडले नाही त्यांच्या मुला-नातवंडांनी तिकडच्या भारतीय दुकानातला चिवडा खाल्ला. हे दुःख फार मोठे नाही, हे मला मान्य आहे. मात्र ज्या बचत गटांच्या बायकांचा वर्षाचा निम्मा धंदा या तीन आठवड्यांत होतो, त्यांच्या बाबतीत तेच वाक्य मला लिहिता येणार नाही.

सेवा सुरू झाली तेव्हा टपालाने जाणाऱ्या भारतीय मालावर जाहीर किमतीच्या सरसकट पन्नास टक्के जकात होती आणि ती पाठवणाऱ्याने आधीच भरायची होती. म्हणजे चाळीस डॉलरच्या सोऱ्यावर वीस डॉलर. कुंभारकाम करणारी अमेरिकी बाई चाळीस डॉलरला जी हौस करील ती साठला करील का, हा प्रश्न आमच्या बाईंना पडला आणि त्याचे उत्तर त्यांना आठवडाभरात मिळाले. दरांचे आकडे त्यानंतरही बदलत राहिले. पण लहान विक्रेत्याला आकड्यापेक्षा बदल अधिक मारतो. टेमूसारख्या कंपनीने अमेरिकेतच गोदामे घेतली, माल बोटीने आधीच नेऊन ठेवला आणि आपली वाट काढली. जुन्या बाजारातून एकेक सोऱ्या शोधून आणणाऱ्या बाईने कुठले गोदाम घ्यावे? कुऱ्हाड उगारली होती ती चिनी लोंढ्यावर; घाव पडला तो ज्यांचा त्या लोंढ्याशी काही संबंध नव्हता अशांवरही.

अमेरिकेला दोष देताना आपणही थोडे मागे पाहावे. परदेशातून येणारी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू आपल्याकडे जकातीतून सुटत असे. चिनी संकेतस्थळे विकलेला मालच 'भेट' म्हणून पाठवू लागली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारने ती वाटच बंद केली. सूट ठेवली ती दोनच गोष्टींना, जीवरक्षक औषधे आणि राखी. अधिसूचनेत असेही स्पष्ट केले होते की राखी चालेल, पण राखीबरोबरची भेट चालणार नाही. अधिसूचना लिहिणाऱ्याला भाऊ-बहिणीच्या व्यवहाराची चांगलीच जाण असावी! युरोपीय संघाच्या अर्थमंत्र्यांनीही डिसेंबर २०२५ मध्ये, दीडशे युरोच्या आतल्या पार्सलातल्या वस्तूंवर १ जुलै २०२६ पासून तीन युरोची ठोक जकात लावण्याचे ठरवले. तीन युरो जड नाहीत. शिवाय ही जकात महिनोन् महिने आधी सांगून ठेवली. अमेरिकेच्या निर्णयात हेच नव्हते, आणि माझा आक्षेप जकातीला नसून या घाईला आहे. पाहुणा दारात उभा असताना जिना काढून घेतला तर तो वर येत नाही, आणि पुढच्या वेळी निघतानाच दहादा विचार करतो.

आपल्या सरकारने या लोकांसाठी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२२ पासून टपाल खात्याने 'डाकघर निर्यात केंद्रे' उघडली. आज ती एक हजाराहून अधिक आहेत. पूर्वी निर्यातीचे कागद करायला मोठ्या शहरात जावे लागे, दलाल धरावा लागे. ते काम आता तालुक्याच्या टपाल कार्यालयात होऊ शकते. ही चांगली योजना आहे आणि तिचे कौतुक व्हायला हवे तेवढे झालेले नाही. पण केंद्र उघडणे आणि काउंटरवरच्या माणसाला सोलापूरची चादर कोणत्या जकात क्रमांकात बसते हे ठाऊक असणे, यात अंतर आहे. परदेशातून परत आलेल्या पार्सलाचा खर्च कुणी सोसायचा, गिऱ्हाइकाचे पैसे आधीच परत करावे लागलेल्या विक्रेत्याने महिनाभर तग कसा धरायचा, हे प्रश्न २०२५ च्या त्या सात आठवड्यांत उभे राहिले. मोठ्या निर्यातदारांसाठी विमा आहे, संघटना आहेत, दिल्लीत त्यांचे म्हणणे मांडणारी माणसे आहेत. सोऱ्या विकणाऱ्यांची संघटना नाही. आपल्यासारखे आणखी किती आहेत हे त्यांचे त्यांनाच माहीत नसते, कारण त्यांची गिऱ्हाइके जशी जगभर विखुरलेली तसेच तेही घराघरांत विखुरलेले.

आमच्या बाईंनी धंदा सोडलेला नाही. अमेरिकेकडून मागण्या आटल्या तेव्हा त्यांनी वर्णने पुन्हा लिहून काढली आणि आयर्लंड, न्यूझीलंड, जपान अशा देशांचे टपालदर एका वहीत उतरवून ठेवले. मध्यंतरी आयर्लंडला एक सोऱ्या जायचा होता, तेव्हा मी त्यांच्याबरोबर टपाल कार्यालयात होतो. सीमाशुल्काच्या सीएन २२ या फॉर्मवर वस्तूचे नाव लिहावे लागते. त्यांनी इंग्रजीत 'मातीकामाचे पितळी उपकरण' असे लिहिले. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचले, पुडके हातात घेऊन जोखले आणि विचारले, 'म्हणजे काय हो हे?'

'सोऱ्या.'

'मग स्वयंपाकाचे भांडे लिहा ना. त्याचा क्रमांक मला पाठ आहे. या दुसऱ्याचा शोधावा लागेल.'

'पण घेणारी त्यात माती घालणार आहे.'

काउंटरवरच्या बाईंनी चष्मा वर केला, मागे उभ्या असलेल्या रांगेकडे एकदा पाहिले आणि संगणकावर क्रमांक शोधायला घेतला.